एक चेंडू, तीन नोंदी : क्रिकेटचे स्कोअरबुक लिहायला आणि वाचायला शिकताना

क्रिकेट नव्याने समजून घेऊ पाहणाऱ्या माणसाच्या हाती बहुधा नियमांची यादी दिली जाते, आणि ती वाचून संपली तरी पडद्यावरचे १४४/४ किंवा २६.३-९-७४-१० हे आकडे त्याला पूर्वीइतकेच परके वाटत राहतात. माझ्या मते याहून खात्रीचा मार्ग म्हणजे वही-पेन्सिल घेऊन एखादा सामना पहिल्या चेंडूपासून स्वतः लिहून काढणे. लिहिताना प्रत्येक चेंडूला स्वतःला विचारावे लागते, की ही धाव कोणाच्या खात्यावर जमा करायची आणि कोणाच्या नावे टाकायची. याच प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता खेळाचे बहुतेक नियम उलगडत जातात.

स्कोअरबुक हा धावांचा जमाखर्च आहे. टाकलेल्या प्रत्येक चेंडूची नोंद तीन ठिकाणी होते: फलंदाजाच्या ओळीत, गोलंदाजाच्या चौकटीत आणि संघाच्या एकूण धावसंख्येत. धाव फलंदाजाच्या बॅटमधून आलेली नसेल, तर ती त्याच्या ओळीऐवजी अवांतर धावांच्या रकान्यात जाते. अवांतर धावांपैकी काही गोलंदाजाच्या नावावर चढतात आणि काही चढत नाहीत. नवशिक्याचा गोंधळ नेमका इथेच होतो, म्हणून या भागाकडे आपण सावकाश पाहू.

वही उघडताना

सामना सुरू होण्यापूर्वी दोन्ही संघांची नावे, दिनांक, नाणेफेक कोणी जिंकली आणि प्रथम फलंदाजी कोण करणार, एवढे लिहून घ्यावे. सलामीच्या दोन फलंदाजांखेरीज पुढची नावे आधीच क्रमाने लिहून ठेवू नयेत, कारण फलंदाजीचा क्रम ऐनवेळी बदलतो आणि मग सगळी वही खोडाखोडीने भरते. खेळाच्या नियमांनुसार गुणलेखक दोन असतात आणि त्यांनी आपापल्या नोंदी वरचेवर ताडून पाहायच्या असतात. तुम्ही शिकत असाल, तर शेजारी आणखी एखाद्याला लिहायला बसवा, म्हणजे चूक लवकर सापडेल.

खेळपट्टी २२ यार्ड लांब असते. तिच्या दोन्ही टोकांना तीन-तीन यष्ट्या आणि त्यांवर दोन-दोन बेल्स (आडव्या काड्या) असतात. यष्ट्यांच्या पुढे ४ फुटांवर आखलेली रेषा म्हणजे फलंदाजाची क्रीज. दोन्ही फलंदाजांनी आपापले टोक सोडून समोरच्या क्रीजमध्ये बॅट किंवा शरीर टेकवले, की एक धाव पूर्ण होते. षटक सहा वैध चेंडूंचे असते, ते संपले की दुसरा गोलंदाज दुसऱ्या टोकाकडून गोलंदाजी सुरू करतो. संघात अकरा खेळाडू असले तरी दहा बळी गेले की डाव संपतो, कारण उरलेल्या एकट्या फलंदाजाला जोडीदार राहत नाही. जुने धावफलक पाहताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी, की षटक नेहमीच सहा चेंडूंचे नव्हते. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ च्या हंगामापर्यंत आठ चेंडूंचे षटक चालत असे.

धाव लिहिणे

ज्या चेंडूवर काहीच घडले नाही, त्यासाठी गोलंदाजाच्या चौकटीत एक टिंब द्यावे. फलंदाजाने धाव काढली, तर तो आकडा त्याच्या ओळीत आणि गोलंदाजाच्या चौकटीत असा दोन्हीकडे लिहावा आणि एकूण धावसंख्या पुढे न्यावी. चेंडू जमिनीला टेकून सीमारेषेपार गेला तर चौकार, न टेकता थेट पार गेला तर षटकार. धावा पळून काढल्या असतील तर विषम आकड्यावर फलंदाजांची टोके बदलतात आणि सम आकड्यावर ते आपापल्या जागी राहतात. षटक संपल्यावर फलंदाज जागा बदलत नाहीत, गोलंदाजीचे टोक बदलते. त्यामुळे शेवटच्या चेंडूवर एकेरी धाव काढणारा फलंदाज पुढच्या षटकाचा पहिला चेंडू पुन्हा स्वतःच खेळतो. पुढचा चेंडू कोण खेळणार हे तुमच्या वहीतून तुम्हाला सांगता आले पाहिजे. ते मैदानावरच्या चित्राशी जुळत नसेल, तर एखादी धाव नोंदवायची राहून गेली आहे असे समजावे.

पळताना फलंदाजाची बॅट क्रीजपर्यंत पोहोचली नाही आणि तो तसाच मागे वळला, तर ती धाव अपुरी ठरते व मोजली जात नाही. अशा वेळी पंच हात कोपरात दुमडून बोटांची टोके खांद्याला लावतात. पंचांची ही प्रत्येक खूण गुणलेखकासाठी असते, आणि आपल्याला ती दिसली असे त्याने हात वर करून कळवेपर्यंत पंचांनी पुढचा चेंडू टाकू द्यायचा नसतो. म्हणून शंका असेल तर घाईने लिहून मोकळे होऊ नये, खुणेची वाट पाहावी.

अवांतर धावा

अवांतर धावांचे चार मुख्य प्रकार आहेत: बाय, लेग बाय, वाइड आणि नो-बॉल. हे चार शब्द सुटे पाठ करण्यापेक्षा त्यांच्या दोन जोड्या लावाव्यात, म्हणजे हिशेब सोपा होतो. पहिल्या जोडीत चेंडू वैध असतो आणि गोलंदाजाच्या नावावर धाव चढत नाही. दुसऱ्या जोडीत दोष गोलंदाजाचा असतो, म्हणून धाव त्याच्या नावावर चढते आणि चेंडू पुन्हा टाकावा लागतो.

पहिली जोडी बाय आणि लेग बाय यांची. चेंडू बॅटला किंवा फलंदाजाच्या शरीराला न लागता निघून गेला आणि फलंदाजांनी धावा काढल्या, तर त्या बाय होत. पंच उघडा पंजा डोक्यावर उंच धरतात. चेंडू शरीराला लागून गेला आणि धावा निघाल्या, तर त्या लेग बाय होत. पंच गुडघा उचलून त्याला हात लावतात. मात्र लेग बाय मिळण्यासाठी फलंदाजाने चेंडू खेळण्याचा किंवा अंग चुकवण्याचा प्रयत्न केलेला असावा लागतो. काहीच न करता पॅडवर चेंडू घेतला आणि पळाला, तर त्या धावा नाकारल्या जातात. वहीत बायसाठी त्रिकोण आणि लेग बायसाठी उलटा त्रिकोण काढून त्यात धावांचा आकडा लिहिण्याची जुनी पद्धत आहे. या दोन्ही प्रकारांत फलंदाजाने एक चेंडू खेळला असे धरले जाते, षटकातला एक चेंडू कमी होतो आणि गोलंदाजाच्या हिशेबात तो बिनधावेचा राहतो. म्हणूनच षटकात चार बाय गेल्या तरी ते निर्धाव षटकच, म्हणजे गोलंदाजाच्या नावे एकही धाव नसलेले षटकच राहते.

दुसऱ्या जोडीतील वाइड म्हणजे फलंदाजाच्या नेहमीच्या फटक्याच्या आवाक्याबाहेरून गेलेला चेंडू. पंच दोन्ही हात आडवे पसरतात. त्याची एक धाव मिळतेच, शिवाय त्यावर पळून काढलेल्या सर्व धावाही वाइड म्हणूनच लिहिल्या जातात. वाइड थेट सीमापार गेला तर पाच वाइड होतात आणि पाचही गोलंदाजाच्या नावावर चढतात. वाइड हा फलंदाजाने खेळलेला चेंडू धरत नाहीत. वहीत त्यासाठी अधिकचे चिन्ह काढतात.

नो-बॉल थोडा अवघड आहे. चेंडू टाकताना गोलंदाजाच्या पुढच्या पायाचा काही भागही क्रीजच्या मागे नसणे, चेंडू टप्पा न पडता कमरेच्या वर येणे, अशा अनेक कारणांनी तो दिला जातो. पंच एक हात आडवा पसरतात. त्याची एक धाव अवांतर होते आणि ती गोलंदाजाच्या नावावर चढते. त्याशिवाय बॅटने काढलेल्या धावा मात्र फलंदाजाच्याच असतात, म्हणून नो-बॉलवर षटकार बसला तर संघाला सात, फलंदाजाला सहा आणि गोलंदाजाच्या नावे सात अशी नोंद होते. बॅट न लागता धावा निघाल्या, तर २०१७ च्या नियमसंहितेपासून त्या बाय किंवा लेग बाय म्हणूनच लिहितात आणि गोलंदाजाच्या माथी फक्त नो-बॉलची एक धाव येते. जुन्या सवयीचे लोक अजूनही या सगळ्या धावा नो-बॉलमध्ये घालतात. तुम्ही नव्याने शिकत आहात, तेव्हा आताचीच रीत धरा. वाइडप्रमाणे नो-बॉलही षटकात मोजत नाहीत, पण तो फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत मात्र धरतात. हा फरक लहान दिसला, तरी डावाअखेरचा हिशेब बऱ्याचदा त्यावरच अडतो. मर्यादित षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत नो-बॉलनंतरचा चेंडू फ्री हिट असतो, आणि त्यावर फलंदाज त्रिफळाचीत (चेंडूने यष्ट्या उडणे), झेलबाद, पायचीत किंवा यष्टिचीत (क्रीजबाहेर असताना यष्टिरक्षकाने यष्ट्या उडवणे) होऊ शकत नाही.

बळी कोणाच्या नावावर

त्रिफळाचीत, झेलबाद, पायचीत, यष्टिचीत आणि स्वयंचीत (फलंदाजाने स्वतःच आपल्या यष्ट्या पाडणे) या पाच प्रकारांत बळी गोलंदाजाच्या नावावर जमा होतो. धावचीत, क्षेत्ररक्षणात अडथळा आणणे, चेंडू जाणूनबुजून दोनदा मारणे आणि वेळेत मैदानात न उतरणे या चार प्रकारांत तो संघाच्या हिशेबात जातो, गोलंदाजाला मिळत नाही. शेवटचा प्रकार आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये पहिल्यांदा घडला तो २०२३ च्या विश्वचषकात, दिल्लीतील बांगलादेशविरुद्धच्या सामन्यात श्रीलंकेचा अँजेलो मॅथ्यूज तसा बाद ठरला तेव्हा.

यांपैकी पायचीत हा प्रकार समजायला वेळ लागतो. चेंडूचा टप्पा लेग यष्टीच्या (फलंदाजाच्या पायांकडच्या यष्टीच्या) बाहेर पडलेला नसावा, आधी बॅटला लागलेला नसावा, पायाला लागताना तो यष्ट्यांच्या रेषेत असावा आणि पाय मध्ये नसता तर तो यष्ट्यांवर गेला असता असे पंचांचे मत असावे. फलंदाजाने फटका मारण्याचा खरा प्रयत्नच केला नसेल, तर ऑफ यष्टीबाहेर (दुसऱ्या बाजूच्या यष्टीबाहेर) पायाला लागलेल्या चेंडूवरही तो बाद होऊ शकतो.

झेल घेतला गेला तर त्या चेंडूवर पळून काढलेली धाव मोजत नाहीत. तिसरी धाव घेताना फलंदाज धावचीत झाला, तर आधीच्या दोन पूर्ण धावा मात्र मोजतात. झेलबादनंतर नवा फलंदाज कोणत्या टोकाला उभा राहतो, हा नियम १ ऑक्टोबर २०२२ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत बदलला. पूर्वी झेल घेण्याआधी फलंदाजांनी एकमेकांना ओलांडले असेल, तर जुना जोडीदार पुढचा चेंडू खेळत असे. आता षटक संपले नसेल, तर नवा फलंदाजच तो खेळतो.

एक षटक हाताने लिहून पाहू

वरचे जवळजवळ सगळे नियम एकाच षटकात पाहायला मिळावेत, असे क्वचित घडते. २३ ऑक्टोबर २०२२ रोजी मेलबर्न येथे टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत आणि पाकिस्तान यांच्यात झालेल्या सामन्याचे शेवटचे षटक तसे आहे. भारतासमोर १६० धावांचे लक्ष्य होते, धावफलकावर १४४/४ होते, म्हणजे सहा चेंडूंत १६ धावा हव्या होत्या, आणि गोलंदाज होता मोहम्मद नवाझ. पेन्सिल घेऊन सोबत लिहा.

पहिल्या चेंडूवर हार्दिक पंड्या झेलबाद झाला: १४४/५, बळी नवाझच्या नावावर. नवा नियम लागू झालेला असल्याने दिनेश कार्तिक आला तो थेट चेंडू खेळायला. त्याने एक धाव काढली: १४५. टोके बदलली आणि विराट कोहलीने तिसऱ्या चेंडूवर दोन धावा पळून काढल्या: १४७, तो जागच्या जागी राहिला. पुढचा चेंडू उंचीमुळे नो-बॉल ठरला आणि कोहलीने त्यावर षटकार मारला. एकूण सात धावा झाल्या: १५४, षटकातले तीन चेंडू मात्र तसेच शिल्लक राहिले. त्यानंतर वाइड पडला: १५५, आणि वाइड हा वैध चेंडू नसल्याने फ्री हिट पुढे सरकली. पुढच्या चेंडूवर कोहलीच्या यष्ट्या उडाल्या, पण फ्री हिटमुळे तो बाद नव्हता. चेंडू यष्ट्यांना लागून मागे गेला आणि फलंदाजांनी तीन धावा पळून काढल्या. बॅट लागलेली नव्हती, म्हणून त्या तीन बाय झाल्या: १५८. विषम आकड्यामुळे कार्तिक समोर आला आणि पाचव्या चेंडूवर यष्टिचीत झाला: १५८/६, हाही बळी नवाझचाच. रविचंद्रन अश्विनने पुढचा चेंडू सोडला, तो वाइड ठरला: १५९. शेवटच्या वैध चेंडूवर त्याने एक धाव काढली: १६०/६, आणि सामना संपला.

आता बेरजा करा. कार्तिकची एक, कोहलीच्या आठ आणि अश्विनची एक मिळून बॅटच्या धावा दहा झाल्या. नो-बॉलची एक, वाइडच्या दोन आणि बायच्या तीन मिळून अवांतर सहा. एकूण सोळा. नवाझच्या नावे मात्र तेराच धावा लागल्या, कारण बायच्या तीन त्याच्या हिशेबात येत नाहीत. गोलंदाजाचा हात नऊ वेळा फिरला, वैध चेंडू सहा पडले आणि फलंदाजांनी खेळलेले चेंडू सात झाले, कारण नो-बॉल त्यांच्या खात्यात धरला गेला. या तीन वेगवेगळ्या आकड्यांमागचे कारण तुम्हाला न अडखळता सांगता आले, तर स्कोअरबुकचा कणा तुम्हाला समजला आहे.

आकडे वाचताना

१४४/४ म्हणजे चार बळींच्या मोबदल्यात १४४ धावा. ऑस्ट्रेलियात हेच उलट, ४/१४४ असे लिहितात. फलंदाजाच्या धावांपुढचे ताऱ्यासारखे (*) चिन्ह तो नाबाद असल्याचे दाखवते. गोलंदाजाचे चार आकडे षटके, निर्धाव षटके, दिलेल्या धावा आणि बळी या क्रमाने येतात. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्ध एका डावातले सर्व दहा बळी घेणाऱ्या अनिल कुंबळेची नोंद २६.३-९-७४-१० अशी आहे. यातले २६.३ हे दशांशातले नव्हे, तर २६ षटके आणि ३ चेंडू आहेत. भागाकार करायचा असेल तर ते साडेसव्वीस धरावे लागते. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध बापू नाडकर्णी यांनी ३२-२७-५-० अशी गोलंदाजी केली आणि त्यात सलग २१ षटके निर्धाव टाकली. बळीच्या जागी शून्य असले, तरी पहिले तीन आकडे वाचता आले की समोरच्या फलंदाजांची किती कोंडी झाली असेल, ते डोळ्यांपुढे उभे राहते.

फलंदाजीची सरासरी काढताना धावांना डावांनी नव्हे, तर बाद होण्याच्या संख्येने भागतात. डॉन ब्रॅडमन यांनी ८० कसोटी डावांत ६९९६ धावा केल्या आणि ते १० वेळा नाबाद राहिले. म्हणून भाजक ७० येतो आणि सरासरी ९९.९४ होते. स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे धावा, आणि इकॉनॉमी म्हणजे गोलंदाजाने षटकामागे दिलेल्या धावा.

निव्वळ धावगती हा स्पर्धेच्या गुणतक्त्यातला प्रकार आहे: आपण षटकामागे काढलेल्या धावांतून प्रतिस्पर्ध्याला षटकामागे दिलेल्या धावा वजा करायच्या. संघ सर्वबाद झाला तर त्याने खेळलेली नव्हे, तर वाट्याची पूर्ण षटके धरतात. समजा वीस षटकांच्या सामन्यात एक संघ अठरा षटकांत १५० धावांवर सर्वबाद झाला आणि दुसऱ्याने १६.३ षटकांत १५१ धावा केल्या. पहिल्याची गती १५० भागिले २०, म्हणजे ७.५० आणि दुसऱ्याची १५१ भागिले १६.५, म्हणजे ९.१५. पहिल्या संघाची निव्वळ धावगती उणे १.६५ येते.

निकाल लिहिताना नंतर फलंदाजी करणारा संघ जिंकला तर शिल्लक राहिलेल्या गड्यांनी, आणि आधी फलंदाजी केलेला संघ जिंकला तर धावांच्या फरकाने विजय लिहितात. विजयासाठी हवी असलेली धाव मिळताच सामना संपतो, हेही विसरू नये. ऑगस्ट २०१० मध्ये दम्बुला येथे श्रीलंकेविरुद्ध भारताला एकच धाव हवी होती आणि वीरेंद्र सेहवाग ९९ वर खेळत होता. त्याने षटकार मारला, पण तो चेंडू नो-बॉल होता. नो-बॉलच्या एका धावेने सामना आधीच संपला होता, म्हणून षटकार मोजला गेला नाही आणि तो ९९ वर नाबाद राहिला. मनाला लागते, पण वहीत ९९ च लिहावे लागते.

डाव संपल्यावरचा ताळा

ताळा प्रत्येक षटकाअखेर करावा. सगळा डाव लिहून झाल्यावर चूक शोधणे फार जिकिरीचे होते. डावाअखेर तीन बेरजा जुळल्या पाहिजेत. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर धावा म्हणजे एकूण धावसंख्या. गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय, लेग बाय आणि दंडाच्या (नियमभंगाबद्दल पंचांनी दिलेल्या) धावा मिळूनही तीच संख्या. फलंदाजांनी खेळलेले चेंडू म्हणजे वैध चेंडू अधिक नो-बॉल. शिवाय गोलंदाजांचे बळी आणि धावचीत वगैरे मिळून पडलेल्या गड्यांची संख्या यायला हवी.

पहिली बेरीज जुळत नसेल, तर आधी लेग बायच्या नोंदी पाहाव्यात, कारण पॅडला लागून गेलेली धाव घाईत फलंदाजाच्या ओळीत लिहिली जाते आणि मग पंचांची खूण दिसल्यावर अवांतरमध्येही चढते. दुसऱ्या बेरजेत फरक चार धावांचा असेल, तर सीमापार गेलेल्या बाय किंवा लेग बाय गोलंदाजाच्या नावावर पडल्या आहेत का, ते तपासावे. चेंडूंची संख्या एकने जास्त येत असेल, तर एखादा वाइड फलंदाजाच्या खात्यात मोजला गेला आहे. एकने कमी येत असेल, तर नो-बॉल मोजायचा राहिला आहे. तरीही चूक सापडली नाही, तर दुसऱ्या गुणलेखकाच्या वहीशी षटकागणिक एकूण धावसंख्या ताडत जावे, आणि ज्या षटकाअखेर दोन आकडे पहिल्यांदा वेगळे दिसतील, तेवढ्याच षटकाचे सगळे चेंडू दोघांनी मिळून पुन्हा लिहावेत.